चौदापासून पन्नासपर्यंत

"बसा हो, तुम्ही कशाला उठता?" असं कुणी म्हणालं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. लग्नाची पंगत असो, बँक असो, नाहीतर नातवाच्या शाळेतली पालकसभा. म्हणणारा बिचारा माझ्या पांढऱ्या केसांकडं बघून म्हणत असतो. मी मात्र ताडकन उठतो आणि पाण्याचा जग असेल तर जग, ताट असेल तर ताट स्वतःच्या हातानं उचलतो. सूनबाई म्हणते, बाबांना कुणी मान दिलेलाही सोसत नाही. नाहीच सोसत. असला मान मी एकदा वर्षभर खाल्ला आहे, आणि तो कशाचा केलेला होता हे मला पक्कं माहीत आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. मला प्राथमिक शिक्षकाची नोकरी लागली होती. शाळा शिरूरहून न्हावऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. गावात खोली बघायला गेलो तेव्हा तीन खोल्या रिकाम्या होत्या. माझं आडनाव ऐकल्यावर तिन्ही भरल्या. मग मी शिरूरमध्ये, आमच्या बौद्ध वस्तीत, एका टपाल शिपायाच्या घराची पुढची खोली घेतली आणि रोज सकाळी दौंडची एसटी धरून शाळेत जायला लागलो. शनिवारी शाळा सुटली की त्याच रस्त्यानं पुढं दौंडला, आप्पांकडं. आप्पा म्हणजे माझे वडील. ते रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

दौंडच्या गाडीला रोज तीच चार माणसं असायची. एक पुढच्या गावच्या शाळेचे हेडमास्तर होते, पन्नाशी ओलांडलेले, पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. एक ग्रामसेवक. एक विकास सोसायटीचा सेक्रेटरी. आणि चौथा मी. स्टँडच्या कडेला एक चहाचं हॉटेल होतं. त्याच्या बाहेरचा लांब बाक आमचा. गाडी उशिरा यायची हे ठरलेलंच, त्यामुळं बाकावर अर्धा तास तरी जायचा. तो अर्धा तास घालवायला हेडमास्तरांनी एक खेळ काढला होता.

खेळ असा. पुणे-नगर रस्त्यावरचं स्टँड, गाड्यांना तोटा नाही. जी गाडी आत येईल तिच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे घ्यायचे आणि त्या संख्येची फोड करायची. साधी फोड नव्हे, ओळीनं येणाऱ्या संख्यांची बेरीज झाली पाहिजे. पंधरा आले तर सात अधिक आठ. किंवा चार, पाच, सहा. किंवा एकपासून पाचपर्यंत. तीन फोडी, तिन्ही बरोबर. एकेका गाडीला एकेकाची पाळी. ड्रायव्हरनं इंजिन बंद करेपर्यंत वेळ. तेवढ्यात जमलं नाही की हरला. काही संख्या मात्र कुणालाच फुटत नसत. सोळा, बत्तीस, चौसष्ट. डाळ कितीही शिजवली तरी एखादा दाणा दाताखाली कडक लागतो, त्याला गणंग म्हणतात. हेडमास्तरांनी या संख्यांना तेच नाव ठेवलं होतं. गणंग आला की पाळी पुढच्याकडं.

हरणाऱ्याला दंड एवढाच, की हॉटेलातून केटली आणायची, बाकावर कप मांडायचे, सगळ्यांना चहा ओतून हातात द्यायचा. पैसे ज्याचे त्यानं द्यायचे. ग्रामसेवक आठवड्यातून तीनदा हरायचा आणि "आलं नशिबी" म्हणत केटली आणायचा. सेक्रेटरी चहा ओतताना हटकून सांडायचा, मग त्याची टर उडायची. चांगला खेळ होता. वाईट माणसाच्या डोक्यातून चांगला खेळ निघतो, त्याला इलाज नाही.

मला तो खेळ पहिल्याच दिवशी आवडला. विषम संख्या सोपी, निम्म्याजवळच्या दोन घ्यायच्या, सदतीस म्हणजे अठरा अधिक एकोणीस. तीननं भाग जाणारी सोपी, मधली काढून आजूबाजूची एकेक घ्यायची. बेचाळीस म्हणजे तेरा, चौदा, पंधरा. अडायचं ते सम संख्यांवर. पहिल्याच आठवड्यात माझ्या वाट्याला नगरची गाडी आली, चव्वेचाळीस. मी बोटं मोजत राहिलो, इंजिन बंद झालं.

"दोनपासून नऊपर्यंत," हेडमास्तर शांतपणे म्हणाले. मी मोजून बघितलं, बरोबर होतं. मनापासून हसलो आणि केटली आणायला उठलो.

"बसा हो मास्तर, तुम्ही कशाला उठता?" त्यांनी माझ्यापुढं हात आडवा धरला. "नवीन माणूस तुम्ही. आज पाव्हणे."

ग्रामसेवक उठला आणि केटली घेऊन आला. मला संकोच वाटला, पण खरं सांगतो, बरंही वाटलं. तीन गावकऱ्यांनी खोली नाकारलेल्या माणसाला कुणी पाहुणा म्हणावं, ही काय लहान गोष्ट होती का?

त्या शनिवारी दौंडला गेलो तर आप्पांना आधी हेच सांगितलं. "आप्पा, शिरूरला मला फार मान आहे. हरलो तरी मला उठू देत नाहीत. दुसरा माणूस उठून मला चहा देतो."

आप्पा विडी ओढत होते. त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. "बरं हाय," म्हणाले.

मग मी त्यांना खेळ समजावून सांगितला. आप्पांना अक्षर येत नव्हतं, पण हिशेबी डोकं होतं. काड्यापेटीतल्या काड्या काढून त्यांनी क्वार्टरच्या ओट्यावर ओळी लावल्या. चार काड्या, त्याखाली पाच, त्याखाली सहा. पंधरा. मग सोळा काड्या घेतल्या आणि बराच वेळ खटपट केली.

"ह्यो का फुटत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"गणंग आहे म्हणून."

"ते नाव झालं. कारण काय?"

मला सांगता येईना. हेडमास्तरांनाही येत नव्हतं, मी नंतर विचारून बघितलं. "पूर्वीपासून तसंच आहे" असं ते म्हणाले, आणि त्यांना तेवढं पुरत होतं.

असे सात-आठ महिने गेले. मी अधूनमधून हरायचो आणि दरवेळी कुणीतरी मला बसवायचं. "राहू द्या मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं." "राहू द्या, तुमच्या हातात पिशवी हाय." एकदा सेक्रेटरी स्वतःहून उठला, "मीच आणतो, जरा पाय मोकळे व्हत्यात." माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मला या गोष्टीची आज सगळ्यात जास्त चीड येते. मी पोरांना रोज ओरडायचो, गणित नीट वाचा, उत्तर त्यातच असतं. आणि माझ्यासमोर रोज मांडलेलं गणित मला वाचता येत नव्हतं. कारण मला ते वाचायचं नव्हतं.

मग सरकारी दवाखान्याचा नवा कंपाउंडर आमच्यात आला. बावीस-तेवीस वर्षांचा, न्हावऱ्याकडच्या बागायतदाराचा मुलगा. पहिल्या दिवशी त्याला खेळ समजावला आणि लगेच पुण्याची गाडी आली, बावीस. त्याला जमलं नाही. चार, पाच, सहा, सात, हेडमास्तरांनी सांगून टाकलं. कंपाउंडर लाजून हसला आणि बसून राहिला.

"बसला काय? उठा," हेडमास्तर म्हणाले. "केटली आणा."

"गुरुजी, आजच आलोय मी. पहिलाच दिवस."

"म्हंजी तर तुम्हीच आणायची. नव्या माणसानंच वतायचा चहा, ही रीतच हाय आपली."

सगळे हसले. कंपाउंडर केटली घेऊन आला, सगळ्यांना कप दिले, मलाही दिला. मी तो घेतला पण प्यायला किती वेळ लागला ते आठवत नाही. नवा माणूस म्हणून मला बसवलं होतं. नवा माणूस म्हणून त्याला उठवलं होतं. तोंड तेच, बाक तोच. मी मागं जाऊन एकेक सकाळ आठवली. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, आडनाव काय म्हणालात? गाव खुटबावच्या अंगाचं म्हणजे कुणाकडचे तुम्ही? मी सरळ सांगितलं होतं. लपवण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं आणि नाही.

तरीही मी खात्री करायची ठरवली. दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम हरायला लागलो. माझ्या पाळीला पंधरा आले. पंधरा! ज्याच्या तीन-तीन फोडी शेंबडं पोरही सांगेल. मी म्हणालो, "येत नाही." आणि उठलो.

हेडमास्तरांनी माझं मनगट धरलं. मला हात लावायला त्यांची हरकत नव्हती, हेही लक्षात घ्या. "मास्तर, आज डोकं चालंना तुमचं. चक्कर बिक्कर यील. बसा गुमान."

नंतरच्या आठवड्यात सदतीस आले. "येत नाही." तेव्हा ग्रामसेवक म्हणाला की उन्हाचं कशाला उठता. सकाळचे साडेसात वाजले होते. त्यापुढच्या वेळी माझे कपडे पांढरे होते म्हणून. त्याच्यापुढच्या वेळी हॉटेलात गर्दी होती म्हणून. दरवेळी नवं कारण, आणि प्रत्येक कारण गोड. पंधराच्या तीन फोडी होतात तशाच या फोडी. तुकडे वेगळे, बेरीज एकच.

मला कुणी शिवी दिली असती तर मी दोन हाणल्या असत्या. पण "बसा हो" म्हणणाऱ्या माणसाला कुठं मारायचं? मी त्या लोकांचा द्वेष करायला लागलो. होय, द्वेष. मला गुळगुळीत शब्द वापरायचा नाही. हेडमास्तरांची काळी टोपी लांबून दिसली तरी माझे दात एकमेकांवर घासायचे. ते शाळेच्या भिंतीवर समतेची वचनं रंगवून घ्यायचे, हे मी ऐकून होतो. त्या रंगाचा डबा त्यांच्या डोक्यावर ओतावा असं मला रोज वाटायचं.

ओतता येत नव्हता, म्हणून मी गणिताच्या मागं लागलो. शाळा सुटली की पोरं जायची आणि मी फळ्यावर संख्या मांडत बसायचो. आप्पांचा प्रश्न डोक्यात होता, ह्यो का फुटत न्हाई? महिनाभरानं उत्तर सापडलं, आणि इतकं सोपं निघालं की मी खडू फेकून दिला. ओळीनं येणाऱ्या संख्या मोजायला विषम असतील, म्हणजे तीन, पाच, सात अशा, तर त्यांना एक मधली संख्या असते आणि बेरजेला त्या विषम आकड्यानं भाग जातो. मोजायला सम असतील तर पहिली आणि शेवटची यांची जोडी लावा, दुसरी आणि शेवटून दुसरी यांची लावा, प्रत्येक जोडी तेवढीच भरते आणि ती विषमच असते. म्हणजे काहीही करा, बेरजेच्या पोटात एकाहून मोठी विषम संख्या पाहिजेच. सोळा निम्मा केला आठ, मग चार, दोन, एक. पोटात विषम काही नाहीच. म्हणून तो फुटत नाही. आणि ज्याच्या पोटात विषम आहे तो फुटतोच. चव्वेचाळीस म्हणजे अकराच्या चार जोड्या. दोन-नऊ, तीन-आठ, चार-सात, पाच-सहा. संपलं.

त्या दिवसापासून मला हरवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. आणि मी दया दाखवली नाही. दुसऱ्याच्या पाळीलाही मी वाट बघायचो, तो हरला की उत्तर तोंडावर फेकायचो. एक दिवस हेडमास्तरांच्या वाट्याला अठ्ठ्याऐंशी आले. ते कधी हरत नसत. त्यांनी दोनदा ओठ हलवले आणि जाहीर केलं, "गणंग."

"तीनपासून तेरापर्यंत," मी म्हणालो.

सेक्रेटरीनं बोटांवर मोजलं आणि खाली बघितलं. हेडमास्तर उठले, केटली आणली, कप मांडले. तिघांच्या हातात कप दिले. माझा कप बाकावर ठेवला, माझ्यापासून वीतभर लांब, आणि त्यात वरून धार सोडली. "घ्या मास्तर," म्हणाले. तेव्हा मला उरलेलं कळलं. त्यांना मला द्यायला चालत होतं, माझ्याकडून घ्यायला चालत नव्हतं. वरून खाली कितीही ओता. खालून वर एक थेंब जाता कामा नये.

त्यानंतर हेडमास्तर माझ्याशी तुटक वागायला लागले. हरल्याचा राग होता, आणि तो त्यांनी मनात दाबून ठेवला होता. एका शनिवारी सकाळी सगळे बसलेले असताना म्हणाले, "दोन आकड्यांचा खेळ मास्तरांनी पाठ केलाय. आज पुऱ्या नंबराचा खेळ करू. आपल्याच गाडीचा. बघू पाठांतर कुठवर पुरतंय."

"करू," मी म्हणालो. "पण आज दंड मी सांगणार."

"सांगा की."

"मला फोड सांगता आली नाही, मग गणंग का असेना, तर उद्यापासून या बाकावर बसणार नाही. मी जिंकलो तर आज चहा मी ओतणार. आणि तुम्ही सगळ्यांनी तो माझ्या हातून घेऊन प्यायचा."

ग्रामसेवक चप्पल बघायला लागला. कंपाउंडरनं एकदा माझ्याकडं आणि एकदा हेडमास्तरांकडं बघितलं. इतक्या महिन्यांत ही गोष्ट पहिल्यांदाच शब्दांत बोलली गेली होती. हेडमास्तरांना नाही म्हणता येईना, कारण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. "बरं," ते म्हणाले.

दौंडची गाडी आत आली. अकराशे चौऱ्याऐंशी. हेडमास्तर भराभर निम्मे करत गेले, तोंडानं पुटपुटत. पाचशे ब्याण्णव, दोनशे शहाण्णव, एकशे अठ्ठेचाळीस. अजून समच. त्यांनी मांडीवर थाप मारली. "गणंग! हरला तुम्ही मास्तर. ह्यो काय फुटत न्हाई."

ते दोन पायऱ्या आधी थांबले होते. एकशे अठ्ठेचाळीसचे निम्मे चौऱ्याहत्तर, आणि चौऱ्याहत्तरचे निम्मे सदतीस. विषम. पाच वेळा निम्मं केलं म्हणजे बत्तिसानं भागलं. म्हणजे सदतीस संख्या, मधली बत्तीस, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा. इंजिन अजून धडधडत होतं.

"चौदापासून पन्नासपर्यंत," मी म्हणालो.

सेक्रेटरीनं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं संख्या मांडल्या. चौदा, पंधरा, सोळा. कागद पुरेना, म्हणून पान उलटलं. गाडीचा ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता, त्यामुळं वेळ होता. सदतीस संख्या त्यानं दोनदा बेरजेला घेतल्या. मग पेन्सिल कानावर ठेवली.

"अकराशे चौऱ्याऐंशी. बरोबर हाय, गुरुजी."

हेडमास्तरांनी कागद हातात घेऊन स्वतः मोजलं. "हाय बरोबर," तेही म्हणाले.

मी उठलो. या वेळी मला कुणी बसा म्हणालं नाही. हॉटेलातून केटली आणली, पाच कप मांडले. एक थेंब सांडू दिला नाही. पहिला कप हेडमास्तरांपुढं धरला.

"मी आत्ताच घरून पिऊन आलोय, मास्तर."

"रोज घरून पिऊनच येता. तरी इथं पिता."

"आज नको."

ग्रामसेवकापुढं धरला. त्याला पित्त झालं होतं. सेक्रेटरीला त्या दिवशी संकष्टी होती. संकष्टीला चहा चालतो, हे मला माझ्या पहिलीतल्या पोरांनीही सांगितलं असतं. मी तसं म्हणालो. तो म्हणाला, आमच्यात नाही चालत. राहिला कंपाउंडर. त्यानं कप घेतला. दोन्ही हातांनी घेतला, तोंडाजवळ नेला, फुंकर मारली. हेडमास्तर खाकरले. एवढंच, साधं खाकरले. कंपाउंडरनं कप बाकावर ठेवला आणि म्हणाला, "गाडी सुटंल, मास्तर."

ड्रायव्हर अजून हॉटेलात बशीत चहा ओतत होता.

मी माझा कप उचलला आणि तिथंच उभा राहून प्यालो. सगळा प्यालो. चार भरलेले कप बाकावर तसेच राहिले. गाडीत चढलो तर हेडमास्तरांनी रोजच्यासारखी शेजारची जागा धरून ठेवली होती. ते सरकले आणि सीटवर हात थापटून म्हणाले, "या मास्तर, बसा."

मांडीला मांडी लावून बसायला त्यांना चालत होतं. मी दांड्याला धरून शाळा येईपर्यंत उभा राहिलो.

दुपारी शाळा सुटल्यावर दौंडला गेलो. आप्पा कामावरून येऊन हातपाय धूत होते. मी पिशवी आपटली आणि सगळं सांगून टाकलं, कंपाउंडर आल्या दिवसापासून. आप्पा पाय घासत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मला पयल्याच येळंला कळलं व्हतं. तू सांगितलंस ना, उठू देत न्हाईत म्हणून. तवाच."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू लई खुशीत व्हतास."

मी त्यांच्यावरही भडकलो. ओरडलो. म्हणालो, आप्पा, वर्षभर मी तिथं मूर्खासारखा हसत बसलो, तुम्ही मला हसू दिलंत. शेजारच्या क्वार्टरमधली बाई दारात येऊन बघून गेली. आप्पांनी माझं ओरडून होऊ दिलं. मग टॉवेलनं हात पुसत विचारलं, "तुझी बेरीज बरोबर निघाली?"

"निघाली."

"त्यांनी करून बघितली?"

"दोनदा. हेडमास्तरांनी स्वतः बघितली."

"बरोबर म्हणाले?"

"म्हणाले."

"आन् तरी न्हाई प्याले."

"नाही."

आप्पा खाली बसले. ओट्यावर काड्यापेटी होती, ती त्यांनी उगाच उघडली आणि मिटली. "मी जल्मभर हेच हुडकीत आलो," ते म्हणाले. "कुणी पाणी लांबून वाढलं, कुणी दारातनं मागं धाडलं, की मी घरी यिऊन इचार करायचो, आपलं काय चुकलं आसंल? बोलण्यात चुकलं का? कापडं मळकी व्हती का? धर्म बदलला, तरी ती खोड न्हाई गेली. रात रात इचार केलाय, गड्या. तुला आता तसं करावं लागणार न्हाई. तुझं काय चुकलं न्हाई, हे त्यांनीच कागदावर लिहून दिलंय."

आप्पांनी पेटीतून काड्या काढल्या, चौदाची पहिली ओळ मांडली, आणि मला खाली बसायची खूण केली. पंधराची ओळ मांडतानाच काड्या संपल्या, म्हणून मी दुसरी पेटी आणायला उठलो, आणि त्यांनी मला उठू दिलं.